कसला वास येतोय

जीभ हलत होती — म्हणजे फुलाची खालची, नखाएवढी, गडद तांबडी पाकळी, जिला सगळे ऑर्किडवाले ओठ म्हणत, पण मायाला ती पहिल्यापासून जीभच वाटली होती — वारा नव्हता, गॅलरीला बांधलेली हिरवी जाळी स्तब्ध होती, फवाऱ्याचं पाणी शेवाळावर टेकून मुरत होतं, आणि तरी ती एवढीशी जीभ वर-खाली, वर-खाली, सांगता सांगता शब्द अडल्यासारखी... मग तिच्या लक्षात आलं की आपण फार जवळ वाकलो आहोत, आणि तो वारा आपल्याच नाकातला आहे.

तिने श्वास रोखला. जीभ थांबली. सोडला — हलली. तिला हसू आलं. काल संध्याकाळपर्यंत ही एक चोचीसारखी मिटलेली कळी होती, आणि आज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी सवयीनं गॅलरीत डोकावली तर हे असं — दोन लांब, शेवटाला निमुळत्या होत गेलेल्या पाकळ्या खाली लोंबणाऱ्या, एक वर ताठ, कच्च्या मांसाचा असतो तसा तांबूस रंग, त्यावर जांभळट रेघा. सुंदर म्हणावं का? सुंदर नव्हतंच ते. पण नजर हलत नव्हती. वर्षभर तिने या झाडाला सांभाळलं होतं, नारळाच्या सोडणावर बांधलेलं, दोन जाड निर्विकार पानांचं झाड. सांगलीच्या बोअरच्या पाण्याने पानांची टोकं करपतात म्हणून पावसाचं पाणी पिंपात धरून तेवढंच पाजलं होतं. आणि वर्षभर मनात एकच होतं, की हे फुलेल तेव्हा...

तिने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

काहीच नाही.

अंधारात निदान अंधार दिसतो. हे तसंही नव्हतं. घरात जिथे दार असायला हवं तिथे सलग भिंत लागावी, आणि हाताने चाचपडत राहावं, की इथेच होतं, इथेच तर होतं... कोरोनात सगळ्यांचेच वास गेले होते. नवऱ्याचा, धनाजीचाही गेला होता, आठवड्यात परत आला. माझा आला नाही.

आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे गेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. आला नाही, हे कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा ती कुपवाडला मसाल्याच्या कारखान्यात नमुने तपासायची. हळदीची चिमूट तळहातावर घेऊन नुसत्या वासावरून सांगायची, की ही नीट वाळलेली नाही, ही मागच्या वर्षीची आहे. ते काम तिने आपणहून सोडलं आणि ऑफिसात बसायला लागली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज लवंग, लिंबू, कापूर हुंगायचा, डोक्यात त्या वासाची आठवण जागवायची, कधी कधी येतो परत, एखाद्या दिवशी अचानकही येतो. धनाजी कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस, बोलण्यात तुटक, पण त्याने ते अंगावर घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून ओल्या हाताने तिच्या नाकाशी लवंग धरायचा. 'येतो का?' — 'नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा. 'येतो का?' असं किती दिवस. आणि एका सकाळी त्याने लवंग धरली, आणि तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं — जन्मलेल्या मुलाचा पहिला आवाज ऐकायला थांबलेल्या माणसाचं तोंड — आणि ती म्हणाली, 'येतोय. बारीक.'

त्याने गल्लीत पेढे वाटले.

मग ते परत कसं घ्यायचं... आज सांगू, उद्या सांगू. पुढे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. ती खोटं जगायला शिकली, म्हणजे डोळ्यांनी हुंगायला शिकली. कोथिंबिरीची कड बघायची. भाताला हात लावून बघायचा. लोकांच्या नाकपुड्या बघायच्या.

ऑर्किडं आली तीही त्यातूनच. साताऱ्याला एका लग्नाला गेली होती, तेव्हा नात्यातल्या कुणी ऑर्किडं वाढवणाऱ्या वीरधवलदादांच्या घरी नेलं. उसाच्या शेताला लागून त्यांनी जाळीचा मांडव उभारला होता आणि आत छताला टांगलेली झाडंच झाडं — मुळं हवेत सोडलेली, माती नाही, काही नाही. एक फूल तर इतकं बारीक की दादांनी तिच्या हातात भिंग दिलं. भिंगातून पाहिल्यावर आत एक पूर्ण पिवळं घर होतं, उंबऱ्याला लाल ठिपके. पंधरा-वीस माणसं होती मांडवात, आणि सगळी नुसती बघत होती. मोगऱ्याच्या झाडाशी माणूस आधी वाकतो. इथे कुणी वाकत नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं होतं, मीही यांच्यातलीच. येताना एक झाड घेऊन आली. मग दुसरं. मग दादांनी सांगितलं, की सगळीच काही बिनवासाची नसतात. एकाला चॉकलेटचा वास येतो, एकाला ओल्या खोबऱ्याचा. आणि काय झालं कुणास ठाऊक, तिने नेमकी तीच मागून घेतली. का? बहिऱ्या माणसाने घरात रेडिओ का आणावा? ती दोन्ही फुलली. धनाजी म्हणाला, 'आयला, खोबरंच की गं.' ती म्हणाली, 'तर काय.'

आणि मग हे. बल्बोफायलम. 'घरच्यांना आधी सांगून ठेवा ताई,' दादा म्हणाले होते, 'माश्यांना बोलवायसाठी वास सोडतं ते. फुललं की घरात बसवणार नाही.' तिने घरी सांगितलं नाही. तिच्या मनात होतं — हे तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं — की भिंत असेल, पण एवढा मोठा वास असेल तर एखादी चीर...

"काय मेलंय का हितं?"

ती दचकली. धनाजी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, टॉवेल खांद्यावर, नाकावर हात. आज त्याला सुट्टी होती.

"उंदीर मेलाय बघ कुटंतरी," तो म्हणाला. "तुला येत न्हाई व्हय वास?"

"येतोय की," ती म्हणाली. पटकन म्हणाली. "तेच बघत होते."

आणि पुढच्या वाक्यात फूल आहे ते, एवढं सांगून टाकायचं, तर तिने सांगितलं नाही. धनाजीने वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढलं. मागे एक चिमटा आणि जळमटं. त्याने कपाटाखाली बॅटरी मारली, कुंड्यांच्या मागे झाडू फिरवला, आणि ती त्याच्या मागे मागे, हातात सुपली घेऊन, चेहऱ्यावर योग्य तेवढी किळस ठेवून. हे कपट होतं का? असेल. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी उसळत होतं, ते कपट नव्हतं.

"कसला येतोय पण?" तिने विचारलं.

"कसला म्हंजे?"

"म्हणजे कसला. कशासारखा."

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "घाण वास येतोय. घाणीचा. आनखी कसला?"

माणसांना वास येतो, पण सांगता येत नाही. हे तिला गेल्या काही वर्षांत कळलं होतं. रंग विचारला तर दहा शब्द सांगतील. वास विचारला तर चांगला आणि घाण, एवढ्यावर संपतं. धनाजी नाकाच्या मागे निघाला. उजवीकडे, डावीकडे, जाळीपाशी, आणि मग सोडणाच्या तुकड्यासमोर येऊन थांबला. वाकला आणि झटक्याने मागे आला.

"ह्ये हाय व्हय. तुजं फूल हाय ह्ये."

"आजच फुललंय."

त्याने टॉवेलने नाक पुसलं. आणि मग — हे ती डोळे मोठे करून पाहत होती — तो पुन्हा वाकला. या वेळी हळू.

"कूलंट," तो म्हणाला.

"काय?"

"कारखाना चार दिस बंद ऱ्हायला की लेथ गार ठिवायचं कूलंटचं पानी नासतंय. शटर उघडल्यावर पयला भपका येतोय बघ, तसा. थोडं लोखंड. थोडं अंड्यावानी." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला कसला वाटतोय?"

जीभ हलली — कुणाच्या श्वासाने, त्याच्या की माझ्या?

"मलाही... तसाच," ती म्हणाली.

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "मामींची गाडी येईल आता. स्टँडवर जातो."

तो गेल्यावर तिने वीरधवलदादांना फोन केला. फोटो आधीच पाठवला होता. ते फार खूश होते. म्हणाले, सांगलीच्या उन्हात हे फुलवलंत म्हणजे कमाल आहे. ती म्हणाली, "दादा, तुमच्याकडे फुललं तेव्हा वास कसला आला होता?"

"मला तर बाजारातल्या सुकटीसारखा. पण आमचे वडील होते तेव्हा, ते म्हणाले, सुकट कसली, चार दिवसांनी बर्फातनं परत आल्यावर बूट काढायचो तेव्हाचे मोजे आहेत हे. मिलिटरीत होते ना ते. खुर्ची टाकून बसले हो झाडापाशी. आम्ही सगळे लांब, आणि ते एकटेच त्या वासात बसलेले." ते हसले. "तुम्हाला कसला येतोय?"

"अजून ठरवतेय," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आज सकाळपासून बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

सुकट. मोजे. लोखंड, अंडं, कूलंट. ती फुलासमोर वेताचा मोढा घेऊन बसली आणि एकेक शब्द फुलावर ठेवून बघू लागली, ब्लाउजपीस साडीवर ठेवून बघावा तसा. एकही बसेना, आणि सगळेच बसत होते. दोन माश्या आल्या. एक पाकळीवर उतरली, थांबली, चालत चालत जिभेवर गेली, आणि बिजागरी लावल्यासारखी ती जीभ तिच्या वजनाने कलंडली आणि माशी आत ढकलली गेली... बाहेर आली ती पाठीवर परागांचा पिवळा ठिपका घेऊन. मांस नव्हतंच तिथे. पण फुलाला त्याची काही लाज नव्हती. माझा घाण वास येतो, ये. एवढंच.

मला किती लाज होती... आटपाडीकडच्या वस्तीवरून ती सांगलीच्या हॉस्टेलवर आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात खोलीतली एक मुलगी म्हणाली होती, हिच्या पेटीला मेंढराचा वास येतो. वाईट हेतूने नव्हती म्हणाली. खिडकी उघड म्हणाली फक्त. पेटीत आईने घोंगडं घातलं होतं. त्या रात्रीपासून माया आपला स्वतःचा वास घेत राहिली — मनगटाचा, केसांचा, ओढणीच्या टोकाचा — साबणावर साबण, पावडर, पुढे नोकरी लागल्यावर अत्तराच्या बाटल्या. बोली पण धुऊन काढली, हायचं आहे केलं, न्हाईचं नाही. आणि मग वास गेला, आणि पहिल्या रात्री तिला पहिलं भय वाटलं ते हे नव्हतंच, की आता जेवण कसं लागेल. वाटलं ते हे, की आता मला माझा वास कसा कळणार.

अजूनही ती दोनदा आंघोळ करते.

गाडीचा आवाज आला. मायाची आई, हरणाबाई, जिन्याचा कठडा धरत वर आली, हातात कापडी पिशवी, डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधी पडदा. उद्या मिरजेला दाखवायचं होतं. माया पुढे झाली. आईने पिशवी खाली ठेवून तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग मान वर करून थांबली.

"आत काय मेलंय गं?"

"फूल हाय, आई."

"फूल?" हरणाबाईने जावयाकडे पाहिलं.

"व्हय मामी," धनाजी म्हणाला. "तुमच्या लेकीनं वरीसभर पानी घालून ह्यो वास आणलाय घरात." आणि चहा ठेवायला आत गेला.

हरणाबाईला फूल नीट दिसलं नाही. रंगाचा एक डाग दिसला असेल. तिने मोढ्यावर बसून, एक हात कठड्यावर टेकून, तोंड पुढे नेलं. मागे घेतलं नाही. तशीच राहिली. माया तिच्या ओठांकडे बघत राहिली. आता हिचा शब्द येईल...

"कशासारखा हाय?" तिने विचारलं. आईशी बोलताना धुऊन काढलेली बोली परत यायची, तिचा इलाज नव्हता.

"कातड्यावानी."

"कसल्या कातड्यावानी?"

हरणाबाईने पदराने तोंड पुसलं. "तू ल्हान हुतीस. एका मेंढीचं कोकरू मेलं, आन् दुसरी मेंढी विताना मेली, तिचं पिल्लू मागं ऱ्हायलं. उपाशी वरडायचं. पर कोकरू मेलेली मेंढी त्याला पाजंना. हुंगायची आन् लाथ मारायची. मग तुज्या बानं मेलेल्या कोकराचं कातडं काडून ह्या पिल्लाच्या पाठीव बांदलं. मेंढी आली, हुंगली, आन् उभी ऱ्हायली. पाजलं तिनं."

"फसवलीच की तिला."

"फसवली म्हंजे? दूध खरं हुतं. भूक खरी हुती." हरणाबाई पुन्हा फुलाकडे वळली. "मग ते कातडं नासाय लागलं. आसाच वास सुटला हुता, आसाच... सोडून टाकलं. मला भ्या वाटलं, आता परत लाथ मारंल. पर न्हाई. तवर ते पिल्लू तिच्या वळकीचं झालं हुतं."

 मायाला ते पिल्लू आठवत नव्हतं. वास तर नाहीच. आत गॅसवर पाण्याचा आवाज चालू होता.

"तुला येत न्हाई नव्हं?" हरणाबाई म्हणाली. आवाज न बदलता, जसं की अजून मेंढीचंच चाललं होतं.

"काय?"

"वास."

मायाने आतल्या बाजूला पाहिलं. मग आईकडे. "कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण. हॉस्टेलातनं पयल्यांदा सुट्टीला आलीस तवापास्नं, मी जवळ घेटली की तू तोंड बाजूला करायचीस. जराचंच. तुला वाटायचं, हिला कळत न्हाई." तिने मायाचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर घेतला. "आता दोन-तीन वर्सं झाली, करत न्हाईस. मला आदी वाटलं, पोरगी पोक्त झाली. मग मागल्या बारीला नासून वास मारनारं ताक तू माज्याम्होरं वाटी भरून ठिवलंस. तवा उमगलं."

"मग बोलली का न्हाईस?"

हरणाबाईने मायाच्या बोटांवरून अंगठा फिरवला. "काय बोलायचं," ती म्हणाली. "मला बरं वाटत हुतं."

कपबशी वाजली. धनाजी दारात उभा होता, ताटलीत तीन कप, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की तो आत्ताच आलेला नाही. त्याने ताटली कठड्यावर ठेवली. कुणी कप उचलला नाही.

"मग ती लवंग?" तो म्हणाला.

"तुमच्या तोंडाकडं बघितलं," माया म्हणाली. "न्हाई म्हणवेना."

तो जाळीतून बाहेर पाहत राहिला. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी गेली. तिला वाटलं आता तो पेढ्यांचं काढेल, किंवा नुसताच चप्पल घालून खाली जाईल, आणि तसं झालं तर त्यात त्याचं काही चुकत नाही... त्याने मान खाजवली. वळला.

"मग दूध उतू जायच्या आदी कसं कळतं तुला?" त्याने विचारलं. "कवाच जाऊ देत न्हाईस. मी म्होरं उभा असून माज्याच्यानं जातं."

तिला वाटलं टोमणा असेल. टोमणा नव्हता. मशीन बंद का पडलं ते पाहताना त्याच्या कपाळाला जी आठी पडे, ती पडली होती.

"आधी आवाज असतो," ती म्हणाली. "बारीक. कडेला सळसळ केल्यासारखा. मग वर यायच्या जरा आधी दूध गप्प होतं."

"गप्प?"

"एकदम गप्प."

"आयला," तो म्हणाला, स्वतःशीच. कप उचलला, एक घोट घेतला, तसाच कप हातात धरून आत गेला. आणि थोड्या वेळाने आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तो दुधाच्या पातेल्याशी ऐकत उभा असावा.

हरणाबाईने चहा संपवला, मोढ्यावरून उठून खाली बसली आणि भिंतीला टेकून पाय पसरले. माया तिच्या शेजारी टेकली. प्रवासाने दमली होती. बघता बघता तिची मान कलली आणि मायाच्या खांद्यावर येऊन थांबली. विरळ केस मायाच्या गालाला लागत होते. या केसांना काय येत असेल? खोबरेल, मिश्री, एसटीतली धूळ, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो एक, जो पेटीतून हॉस्टेलच्या खोलीभर पसरला होता... तिने श्वास घेतला. भिंत. जिथल्या तिथे.

डॉक्टर म्हणाले होते, एखाद्या दिवशी अचानकही येतो. आजवर तिने तो दिवस किती तऱ्हांनी रंगवला होता — हळदीचा ढीग, भाजलेला शेंगदाणा, धनाजीच्या ओल्या हाताची लवंग. आता तिला दुसरंच दिसत होतं: आई दारात उभी आहे, पिशवी खाली ठेवते आहे, जवळ घेते आहे, आणि नेमका तेव्हाच वास येतो. आपली मान काय करील? जुन्या वळणाने बाजूला होईल, जराशीच, की राहील तिथे? आई म्हणाली तशी ती पोक्त झाली असेल. किंवा नुसतंच नाक मेलं असेल आणि बाकी ती होती तशीच असेल, हॉस्टेलच्या खिडकीशी उभी, ओढणीचं टोक हुंगणारी. आतून काही कळायला मार्ग नव्हता. सकाळपर्यंत तिला वास हवा होता तो वासासाठी. आता हवा होता का, हे तिला सांगता आलं नसतं, पण हवा असलाच तर एवढ्याचसाठी, की एकदा बघता यावं, मी काय करते...

खांद्याला मुंग्या आल्या होत्या. ती हलली नाही.